खालचा कप्पा

३ सप्टेंबर

प्रिय नवी,

तुम्ही दोघं मजेत असाल असं धरून चालते, कारण नसतात तर आईने मला ते जेवताना, झोपताना आणि दात घासतानाही ऐकवलं असतं. इकडे आम्ही ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू नकोस म्हटलं की ती हटकून चढते.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की बारक्या स्पीकर लावतो. मग तू बोलतेस, तो बोलतो, मागे तुमचा कुकर बोलतो आणि मी ‘बरं, ठेवते’ म्हणून ठेवून देते. पत्रात मला मध्येच तोडणारं कोणी नाही.

तुला अजून नवीच म्हणते, रागावू नकोस. आपल्या प्रयोगशाळेतल्या पेशी वाढवायच्या खोलीत सगळ्यात शेवटी येईल ती नवी, असा रिवाज. तुझ्यानंतर दोघी आल्या, पण नाव तुलाच चिकटलं. तू मला खोलीत मॅडम म्हणायचीस आणि माझ्या भावाशी लग्न केल्यावर घरी थट्टेने वन्सं म्हणायला लागलीस. हल्ली नणंदेला वन्सं कोण म्हणतं? पण आईला ते इतकं आवडलं की शेजारीण आली की ती तुला मुद्दाम काहीतरी विचारायची, म्हणजे तू मला हाक मारशील.

तुमचं जुळलं तेही माझ्या डब्यावर. त्या वर्षी मी डबा फार विसरायचे आणि बिचारा बारक्या तो घेऊन धावत यायचा, असं सगळे म्हणायचे. तो डबा तोच सकाळी फडताळामागे लपवायचा, हे मला तुमच्या लग्नात कळलं. सगळे हसले. मीही हसले. डबा माझा, भाऊ माझा, खोली माझी, आणि हसायचंही मीच.

असो. तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या कोणत्या तरी प्रयोगशाळेने जर्नलला कळवलं आहे की तुझा प्रयोग त्यांच्याकडे जमत नाही, हे वाचून वाईट वाटलं. आता जर्नल म्हणतं की जिथे तो झाला त्याच खोलीत, पण तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी पुन्हा करून दाखवा, नाहीतर पेपर मागे घ्या. पेपर मागे गेला तर त्याच्या जोरावर मिळालेली तुझी नवी प्रयोगशाळाही जाणार. बारक्या तर इथली पक्की नोकरी सोडून तुझ्यामागे तिकडे गेलेला. सगळं कळलं. तू लिहितेस, ‘वन्सं, हे तुमच्याच हातून व्हावं, दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा विश्वास नाही.’ हे वाक्य वाचून मला बरं वाटलं. मग तेच वाक्य तू आईलाही फोनवर सांगितलं असल्याचं कळलं आणि बरं वाटायचं थांबलं.

आईने काल विचारलं, सुनेने नक्की शोधलंय तरी काय. मी भाजी निवडता निवडता सांगितलं. म्हटलं, रक्ताच्या नळीला आतून एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. अंगात कुठे दाह सुरू झाला की त्या अस्तराच्या पेशींना निरोप येतो, आग लागली. मग त्या एकमेकींपासून जरा सुटतात, चिकट होतात, रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरून आत सोडतात. ते गरजेचंच असतं. पण आग जास्त वेळ राहिली तर अस्तरच जळतं. म्हणून ज्या निरोपाने या पेशी पेटतात, त्याच निरोपाने त्या आतल्या आत विझवणारं एक प्रथिनही बनवायला घेतात. आम्ही त्याला बंब म्हणतो.

“मग बंब आधीच का नाही आणून ठेवत?” आई म्हणाली.

“आग लागल्याशिवाय कोण बंब बोलावतं?”

“पण आपल्या नवीने तेच दाखवलं ना? की त्यांच्याकडे तो आधीपासून असतो?”

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तुझं तिला फोनवर समजावून झालं होतं, आणि ती फक्त मला येतं का ते बघत होती. पुढे म्हणाली, “किती हुशार आहे गं पोरगी.” मी म्हटलं, हो. भाजीची देठं जरा जास्तच खुडली गेली.

बंब हे नाव मात्र मी दिलं होतं, तुझ्या लक्षात असेल. पेपरमध्ये ते अर्थातच नाही. पेपरमध्ये मी शेवटी आहे, आभारात, वीजदुरुस्ती विभागाच्या एक शब्द आधी.

उद्यापासून सुरू करते. पेशी काढायला ताज्या नाळा लागतील, त्या ठेवायला प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला सांगितलं आहे. तिनेही आधी तुझीच चौकशी केली.

बारक्याला म्हणावं, थंडीचे कपडे इथेच राहिलेत.

तुझी,
वन्सं


२८ सप्टेंबर

चि. सौ. नवी हिला अनेक आशीर्वाद.

तुला वाईट बातमी द्यावी लागते आहे. प्रयोग जमला नाही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा केला. नाळा ताज्या होत्या. शिरेतून पेशी मी स्वतः धुवून काढल्या, स्वतः वाढवल्या, त्यांचं पोषणाचं पाणी, मीडियम, स्वतः बदललं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. इन्क्युबेटरच्या उबदार कपाटातला तुझा तो खालचा डुगडुगता कप्पा नको म्हणून पेशींच्या बश्या माझ्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. तिथे मी इतरांचं काही ठेवू देत नाही, हे तुला माहीत आहे. बाकी तुझी कृती अक्षरशः पाळली. पेशी छान भरल्या. दाहाचा निरोप घातला आणि बघत बसले. बंब आधीपासून नव्हता. आला तो उशिरा, सगळ्यांचा येतो तसा, आणि तोवर निम्म्या पेशी सुटून तरंगत होत्या.

अहवालावर सही करून आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना दिला. सरांनी तो जर्नलला पाठवला आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या क्षेत्रात असं होतं. भल्याभल्यांचं होतं. तू अजून लहान आहेस, पुढे खूप काम करशील. बारक्याला इथली नोकरी परत मिळू शकेल, मी चौकशी करते. तुमची खोली आईने झाडून ठेवली आहे. पडदे मी धुतले.

इकडे हवा छान आहे. काल मी घरी गोडाचं केलं होतं, सहजच. आईने विचारलं आज काय विशेष. मी म्हटलं, विशेष काही नाही.

प्रकृतीला जप. धीर धर.

तुझी शुभचिंतक,
वन्सं


१६ ऑक्टोबर

प्रिय नवी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बारक्या जवळ असेल तर त्याला चहा करायला पाठव.

मी गेल्या सोमवारपासून घरी आहे. आईला वाटतं मी रजा काढली आहे. तिला फार आनंद झाला आहे. कपाटांच्या वरची धूळ, माळ्यावरची भांडी, सगळं माझ्याकडून करून घेते आहे. मी करते आहे. नाही म्हणायला तोंड नाही.

तुझा फोन आला त्या दिवशीपासून सुरुवात करते. पहिल्यांदाच स्पीकर नव्हता. तू म्हणालीस, “वन्सं, तुमच्या हातून झालं नाही म्हणजे ते नाहीच. माझंच कुठेतरी चुकलं. मी पेपर मागे घेते.” मग तू म्हणालीस, “तुम्हाला किती त्रास झाला असेल, माझ्याविरुद्ध सही करताना.”

नवी, तू संशय घ्यायला हवा होतास. एकदा तरी विचारायचं, मॅडम, नीट केलंत ना? मग मी आकांडतांडव केलं असतं, तुला काय काय ऐकवलं असतं, आणि आपण दोघी मोकळ्या झालो असतो. तू माझीच कीव केलीस. फोन ठेवल्यावर माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो मी भांड्यांवर काढला. आई बाहेरून ओरडली, “भांडी परक्याची आहेत का?”

आता ऐक. ज्या दिवशी मी त्या अहवालावर सही केली, त्याच दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर पुसायला घेतला होता. सगळ्यात खाली पाण्याचा ट्रे असतो, आतली हवा दमट राहावी म्हणून. तो काढायला मी गुडघ्यावर बसले. तुझा कप्पा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याची एक खिट्टी कधीचीच निसटलेली, हे आपल्याला माहीत. शेजारी दुसऱ्या विभागाचा बाटल्या हलवत ठेवणारा शेकर, ज्याला आपण घुसळणी म्हणतो, रात्रंदिवस चालते आणि इन्क्युबेटरला टेकून हादरते, हेही माहीत. त्या कप्प्यावर नव्या पोरीची एक बशी होती. तिच्यातलं मीडियम गोल गोल फिरत होतं. अगदी हळू, संथ, कडेने जरा जास्त.

मी तिथेच बसून राहिले. गुडघे दुखायला लागले तरी उठले नाही.

मग कॉम्प्युटरवर तुझे जुने फोटो काढले. तुला आठवतं, मी नेहमी म्हणायचे की तुझ्या पेशी जरा वेगळ्याच दिसतात? माझ्या गोलगरगरीत, फरशी बसवल्यासारख्या. तुझ्या बारीक, लांबट, बशीच्या कडेला तर सगळ्या एकाच दिशेने पहुडलेल्या. मला वाटायचं पोरगी फोटो निवडून दाखवते. मी तुझ्या पेशींवरसुद्धा नाक मुरडायचे, नवी. त्या लांबट होत्या कारण त्यांच्या अंगावरून पाणी वाहत होतं. शरीरात त्यांच्या अंगावरून रक्त वाहतं, जन्मभर, एक क्षण न थांबता. ते वाहणं जाणवत असतं म्हणूनच त्या बंब तयार ठेवतात. आपण त्यांना बशीत काढतो, स्थिर पाण्यात ठेवतो आणि मग म्हणतो, यांच्याकडे बंब नाही.

तू बरोबर होतीस. का बरोबर आहेस ते फक्त तुला माहीत नव्हतं. तुझ्या कृतीत मीडियमची कंपनीसुद्धा लिहिली आहे, पण कप्पा नाही. कोण लिहिणार? आपल्या घरातली कोणती पायरी हलते ते आपण पाहुण्याला सांगायला विसरतो, कारण आपला पाय ती आपोआप टाळतो. खोलीतल्या प्रत्येकीला तो कप्पा डुलतो हे माहीत होतं, म्हणून कोणालाच ते सुचलं नाही. नवी आली की तिला खालचा कप्पा, हा रिवाज. तुला तो बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस ठेवायला लावला मी, हेही खरं. वर जागा झाली होती.

हे सगळं मला कळलं तेव्हा घड्याळात जेवायची वेळ झाली होती. मी डबा खाल्ला. हात धुतले. सरांच्या खोलीत गेले आणि ‘प्रयोग जमत नाही’ या अहवालावर सही केली. मग घरी येऊन गोडाचं केलं आणि दुसऱ्या दिवशी तुला ते पत्र लिहिलं, धीर धर म्हणून.

हे का, ते तुला सांगायला हवं. मी तुझ्यावर जळते. आज नाही, पहिल्यापासून. तू आलीस तेव्हा तुला पिपेट धरायला मी शिकवलं, आणि दोन महिन्यांत तुझा हात माझ्यापेक्षा हलका झाला. मग तू माझा भाऊ घेतलास. तोपर्यंत तो रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून दिवसभराचं सांगायचा. तुझ्यानंतर मला ‘काय गं ताई, बरं चाललंय ना’ एवढंच. मग आई. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ती सांगते, माझी सून शास्त्रज्ञ आहे. मुलगी काय करते असं कोणी विचारलं तर म्हणते, ती पण तिथेच असते. तिथेच असते! जशी मी तिथली खुर्ची आहे. नणंद म्हटली की ती जळणारच असं लोक गृहीत धरतात, म्हणून मी इतकी वर्षं जपून वागले. साड्या दिल्या, कौतुक केलं, तुमचे पडदे धुतले. आत मात्र धगधगत होतं, आणि ते मी कोणाला कळू दिलं नाही याचाही मला अभिमान होता.

सहीनंतरचे काही दिवस मी खुशीत होते हेही लिहिते. तुम्ही परत याल, तू पुन्हा माझ्या खोलीत, माझ्या हाताखाली, बारक्या पुन्हा संध्याकाळी घरात. मी तर तुमच्यासाठी नवीन चादरी बघून ठेवल्या होत्या.

मग माझी हाव वाढली. कोणाला न सांगता मी स्वतःच्या बश्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आणि तेवढ्याच वर. दोन्हींना दाहाचा निरोप घातला, तर वरच्या मेल्या, खालच्या जगल्या. घुसळणी बंद करायला लावली, दुरुस्तीचं निमित्त सांगून. मग खालच्याही मेल्या. पुन्हा चालू केली, पुन्हा जगल्या. बंब आधीपासून भरपूर, तू दाखवला होतास त्याहून जास्त. मी बश्या घेऊन सरांकडे गेले. सर खुर्चीतून उठले. माझ्यासाठी सर कधी उठले नव्हते. म्हणाले, “हे तुमचं स्वतःचं आहे. तुमच्या नावाने लिहा. पहिलं नाव तुमचं.” त्या दिवशी मी घरी चालत गेले, बसमध्ये मावले नसते.

घरी आई स्वयंपाकघरात बसली होती. बारक्याचा फोन येऊन गेला होता. पेपर मागे घेणार, सामान बांधायला घेतलं, असं त्याने सांगितलं होतं. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. मलाच म्हणाली, “तू होतीस ना तिथे? मग असं कसं झालं?”

“मी काय करणार?” मी म्हटलं.

“म्हणजे काय? तू तिथे आहेस म्हणून तर मी निश्चिंत होते. तिचं काही अडलं तर ही बघून घेईल, म्हणून मी बारक्याला जाऊ दिलं. सुनेचं मी लोकांना सांगते, कारण ती नवी. तुझं काय सांगायचं? तू असतेसच.”

ही तिची शाबासकी. इतक्या वर्षांत मिळालेली पहिली, आणि तीही अशा वेळी. मला ती नको होती. मी तिला म्हटलं, “मला भूक नाही,” आणि पलंगावर जाऊन पडले.

ज्या निरोपाने पेशी पेटते त्याच निरोपाने तिचा बंब बनतो, हे मी इतक्यांना शिकवलं आहे. माझ्या बाबतीत त्याला फारच उशीर झाला. मधे तुझं जे जळायचं ते जळून गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सहज विचारलं, “हे कप्प्याचं कधी लक्षात आलं तुमच्या?” ‘नंतर’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांना उत्तर नकोच होतं, ते चष्मा पुसत होते. मी म्हटलं, “सही करण्याच्या आधी.”

चष्मा पुसणं थांबलं. मग म्हणाले, “बाई, कप्पा चुकला एवढंच जर्नलला कळवू. माणसाची चूक होते. बाकीचं कोणाला कशाला सांगायचं?” भला माणूस. मला वाचवायला बघत होते. मी खोलीत गेले आणि जर्नलला स्वतः लिहिलं. कप्पा डुलतो, ते डुलणं हेच कारण आहे, मूळ निष्कर्ष खरा आहे, आणि सही करताना मला हे माहीत होतं. सोबत सगळ्या बश्यांचे फोटो जोडले. सरांना प्रत दिली. त्यांनी ती वाचली आणि हात पुढे केला. मला आधी वाटलं हात मिळवायला. खोलीची चावी मागत होते. चौकशी होईपर्यंत मी आत जायचं नाही, कशावरही सही करायची नाही. मी चावी दिली. ती माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात इतकी वर्षं होती की काढताना नख तुटलं.

पुढे काय होईल माहीत नाही. नोकरी राहील असं सर म्हणतात. खोली राहील असं म्हणत नाहीत.

आता कामाचं. पेपर मागे घेऊ नकोस. तसं पत्र जर्नलला पाठवून झालं असेल तर आजच फोन करून थांबव. बांधलेलं सामान सोडा. तुझ्याकडे शेकर असेलच, त्याच्यावर बश्या ठेव, अगदी मंद, आणि बघ. पेशी कडेला लांबट झाल्या की समज. पेपरला दुरुस्ती जोड, स्पष्ट लिही की कप्पा डुलत होता. लाजू नकोस, हसतील ते हसोत.

आणि एक. डुलण्याची गोष्ट मी शोधली आहे. त्यावर पेपर होईल तेव्हा माझं नाव पहिलं. तुझं दुसरं. यात मी हटणार नाही. मी वाईट वागले म्हणून माझे डोळे फुटले नाहीत, ते बघितलं मीच. त्या पेपरमध्ये मला आभारात टाकलंस तर मी तिकडे येऊन तुझ्या बश्या फोडेन.

तुला वाटेल मी आता निवळले. नाही. हे लिहितानाही आई पलीकडे शेजारणीला सांगते आहे की सुनेचा पेपर बचावला, आपली सून म्हणजे काही साधीसुधी नाही, आणि माझ्या पोटात दुखतं आहे. पेपर टिकेल एवढंच आज मी तिला सांगितलं. कोणी वाचवला ते सांगितलेलं नाही, कारण मग कोणी बुडवला तेही सांगावं लागेल. ते तू सांग, किंवा बारक्याला सांगू दे. मला नाही जमणार.

बारक्या चिडेल. चिडू दे. त्याने आजवर कधी माझ्यावर चिडायलाही फोन केलेला नाही.

तू विचारशील की जर्नलला लिहायच्या आधी मला का नाही सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला चांगलं माहीत आहे. म्हणाली असतीस, ‘वन्सं, जाऊ द्या. कप्पा चुकला एवढंच लिहू. घरातली गोष्ट घरात.’ तू मला झाकलं असतंस, आणि बारक्यालाही कळू दिलं नसतंस. तू तशीच आहेस. मग मी मरेपर्यंत तुझ्या चांगुलपणाखाली दबून राहिले असते, आणि आईने त्याचंही कौतुक केलं असतं. ते मला सोसलं नसतं, नवी. बाकी सगळ्यात तू पुढे गेलीस. म्हणून पोस्टात आधी जर्नलचं पत्र टाकलं, आणि मग हे लिहायला बसले.

निदान यात तरी तुझ्या आधी पोचलेली,
तुझी नणंद